अशोर जायची परवानगी

१८ जाने., रविवार

थोरल्याला, नानाला, आणून आठ दिवस झाले. पुतण्या पुण्याहून गाडीत घालून सोडून गेला. "काका, थोडे दिवस," म्हणाला. थोडे म्हणजे किती ते त्यालाही ठाऊक नाही. पुण्याच्या डॉक्टरांचा कागद तीनदा वाचला. मतलब एवढाच की आठवणीतलं जुनं सगळं शाबूत आहे, नवं काही टिकणार नाही.

नेव्हीत बत्तीस वर्षं, सगळी इंजिनरूममध्ये. आता आमचं म्हसावदचं घर हेच त्याचं जहाज. स्वयंपाकघराला गॅली म्हणतो, फरशीला डेक. माझी बायको सुमन हसते. मला हसू येत नाही. मी चोवीस वर्षं इन्फंट्रीत काढली, हवालदार होऊन घरी आलो, पण ओसरीला कधी बंकर म्हटलं नाही.

२१ जाने., बुधवार

रोज दुपारी चारला हाच तमाशा. दाढी, भांग, पांढरा शर्ट, पांढरी पँट, बूट चकचकीत. उंबऱ्याशी येऊन बाहेर तोंड करून सॅल्यूट ठोकतो. मग माझ्याकडे वळून, "अशोर जाऊ, सर?"

अशोर म्हणजे जहाजावरून उतरून जमिनीवर. मी सांगतो, नाना, तू जमिनीवरच आहेस, समुद्र पार भरुचच्या पुढे राहिला. ऐकून घेतो. थांबतो. परत विचारतो. आज अकरा वेळा. शेवटी मीच ओरडलो. सख्ख्या मोठ्या भावाने 'सर' म्हटलं की अंगावर काटा येतो.

एक मात्र आहे. मी 'नाही' म्हटलं की उंबरा ओलांडत नाही.

२५ जाने., रवि.

मागच्या गल्लीतले साहेबराव आले. एअरफोर्समधून वॉरंट ऑफिसर होऊन निवृत्त. विमानाचं इंजिन खोलायचं-बसवायचं काम. मी त्यांना 'सायकलवाले' म्हणतो, कारण त्यांची सगळी नोकरी क्वार्टर ते हँगर सायकलीवर झाली. चिडत नाहीत. चहा कपबशीतच लागतो. मला मगमध्ये, नानाला काहीही चालतं.

बोलणं निघालं कोणाचं काय कडक. साहेबराव सांगत होते, काम संपलं की हत्यारं मोजायची. एक पाना कमी भरला तर विमान उडत नाही. तो सापडेपर्यंत घरी कोणी जात नाही. मी म्हटलं, आमच्यात गिनती माणसांची. एक जवान कमी भरला की अख्खी कंपनी उभी.

नाना चहात बिस्किट बुडवत होता. एकदम म्हणाला, "आमच्यात काही थांबत नाही. जहाज पुढे जातं."

चहा थंड झाला. साहेबराव उठून गेले.

२६ जाने.

शाळेत झेंडावंदन. हेडमास्तरांनी तिघांना पुढे उभं केलं. माझा तळवा समोर, साहेबरावांचा तिरपा, नानाचा खाली झुकलेला, तीन सॅल्यूट तीन तऱ्हेचे. पोरं फिदीफिदी. एक नवीन मास्तर कानाशी येऊन म्हणतात, "तुम्ही आधी प्रॅक्टिस करून एकसारखं करायचं ना." कपाळ माझं! पण खरं सांगायचं तर तिघांत ताठ नानाच होता. राष्ट्रगीत संपल्यावरही हात खाली घेईना. साहेबरावांनी हळूच घेतला.

३० जाने., शुक्र.

सुमनने तोड काढली. साहेबरावांनी शिकवलं म्हणे. नाना चारला उंबऱ्याशी आला तशी ही पदर खोचून पुढे. "नाना, आज लिबर्टी बंद शे. सायबनी ऑर्डर शे. तुम्हनी ड्यूटी लागेल शे." लिबर्टी म्हणजे त्यांची बाहेर जायची सुट्टी. नाना "येस सर" म्हणाला (हिला!) आणि खोलीत जाऊन बूट काढून बसला. एका वाक्यात काम.

मला म्हणे, "तुम्ही बी आसंच सांगत जा." मी नाही सांगणार. नाटकं करायला मी काही तमाशात नव्हतो. खरं ते खरं.

५ फेब्रु., गुरु.

नळ सोडून अंघोळ करत नाही. दीड तांब्या. साबण लावायच्या आधी पाणी बंद. सुमन म्हणते, पाणी भरपूर शे, घ्या ना. तो म्हणतो, गोडं पाणी संपेल. मी मात्र पलटणीत कुठे विहीर दिसली की अख्खा ओला होऊन निघायचो.

सारखं बघत बसतो त्याच्याकडे. राग जात नाही. आई गेली तेव्हा मी सरहद्दीवर. पलटणीच्या सीओ साहेबांनी संध्याकाळच्या रेशनच्या गाडीत बसवून खाली पाठवलं. तिसऱ्या दिवशी घरात. हा एक्केचाळीस दिवसांनी उगवला. डोक्यावर केस जसेच्या तसे. मोठा मुलगा असून मुंडन नाही, पिंड नाही. सगळं मी केलं. तेव्हा एक शब्द बोलला नाही, मीही नंतर कामापुरताच बोललो. एवढी वर्षं. आणि आता भांडावं तर तो मला ओळखतही नाही. हे तर जास्तच झालं.

१२ फेब्रु., गुरु.

आज सकाळी नाना चांगला होता. पपईच्या वावरात नेला. बांधावर बसून आपणहून बोलला. इंजिनरूम पाण्याच्या पातळीखाली. खिडकी नाही. चार तास खाली, अंगावर घामाच्या धारा, आवाज इतका की खुणांनी बोलायचं. मी विचारलं, आणि समुद्र?

"समुद्र कुठे दिसतो बापू? वर यायचो तेव्हा झोप आलेली असायची."

मला इतकी वर्षं वाटत होतं की हा वर कठड्याला टेकून वारा खात फिरत असेल. मी समुद्र पाहिला तो गेटवेच्या कठड्यावरून, एकदाच, भेळ खात. त्याच्यापेक्षा जास्त वेळ पाहिला असेल.

'बापू' म्हणाला. ओळखलं होतं मला.

२१ फेब्रु., शनि.

आईची तिथी. भाऊबंद आले, ओसरीत पानं मांडली. मी खिरीचं पातेलं घेऊन वाढत होतो. बरोबर चारला नाना बाहेर. पांढरे कपडे, सॅल्यूट, सगळ्यांसमोर. "अशोर जाऊ, सर?" कोणीतरी खुदकन हसलं. सुमन आत पुऱ्या तळत होती.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, आई मेली तेव्हा एक्केचाळीस दिवसांनी आलास आणि आज तिच्या पानावर तुला बाहेर जायचंय?

"येस सर."

मी परेडच्या आवाजात ओरडलो, "डिस्-मिस!"

म्हणजे खोलीत जा. आमच्यात रोलकॉल संपला की डिसमिस, की जवान बराकीत. तो टाच वाजवून उजवीकडे वळला. मी पाहुण्यांकडे वळलो, पाहुणे पानांकडे. खीर वाढली.

सात वाजता सुमन ताट घेऊन त्याच्या खोलीत गेली. खोली रिकामी.

२२ फेब्रु., रवि.

काल मध्यरात्रीपर्यंत गावात शोधलं. आज सकाळपासून मी भाऊबंदांचे चार भाग केले. उसाचा एक, नाल्याचा एक, शहादा रस्ता, बसस्टँड. पलटणीसारखं. साहेबरावांनी कागद घेऊन यादी केली, कोणाला फोन केला, काय म्हणाला, बरोबरची खूण. दोघांच्या दोन तऱ्हा. उपयोग दोन्हींचा नाही.

पोलिसात गेलो. शिपाई आमच्याकडचाच. "आंगवर काही खूण शे का? तीळ, व्रण?" सख्खा भाऊ, सहा आठवडे घरात, मला सांगता येईना. सुमनने सांगितलं, "डावा हात भाजेल शे, कोपरपाईन मनगटलगून. इंजिननी वाफ. रोज तेल लावस मी."

फोटो दिला, सव्वीस जानेवारीचा. त्यातून मला आणि साहेबरावांना कापून टाकलं.

२३ फेब्रु.

प्रकाशा गावाला जाऊन आलो. तापीच्या काठाने दोन्ही बाजूंनी. नावाड्यांना विचारलं. कोणी पाहिला नाही याचं बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाज वाटली.

२४ फेब्रु., मंगळ.

साहेबरावांनी नानाची जुनी फोनची वही घेतली आणि पहिल्या पानापासून नंबर लावत सुटले. बरेच बंद. काही मेलेले. दुपारी एक लागला. थॉमस, केरळ, नानाबरोबर अकरा वर्षं त्याच जहाजावर. हिंदीत बोलतो. मी सगळं सांगितलं. डिसमिसही सांगितलं.

तो म्हणाला, "साब, ये आपने क्या बोल दिया? लिबर्टीमेन को लाइन में फॉलिन करते हैं. ऑफिसर बाल देखता है, बूट देखता है. फिर बोलता है डिसमिस. उसके बाद अशोर ही जाएगा ना. और किधर जाएगा?"

फोन साहेबरावांच्या हातात दिला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. सव्वा महिना त्याने परवानगीशिवाय उंबरा ओलांडला नाही. मी दिली. तीसुद्धा त्याच्या भाषेत, एकदाच, आणि चुकून. जी भाषा बोलायची नाही म्हणून अडून बसलो होतो.

सुमनला सांगितलं. ती उठून नानाच्या तेलाची बाटली पुसत बसली. बोलली असती तर बरं.

२६ फेब्रु., गुरु.

तळोदा. होळीआधीचा बाजार. डोंगरातून लोटच्या लोट लोक, ढोल, जीपांच्या टपावर माणसं. त्यात एक म्हातारा शोधायचा. फोटो दाखवत फिरलो. लोक चांगले, थांबून बघतात, मान हलवतात.

तीनच्या सुमाराला एक जीपवाला, वसावे, म्हणाला, "हा बाबा? हा बसेल होता ना माझ्या गाडीत. शनिवारी, म्हसावदहून. पुढच्या शिटवर बसवला, साहेब दिसे म्हणून. मला विचारे, कोणती बोट?"

"तू काय सांगितलंस?"

"मी सांगलं, बाबा, बोट नाही, जीप आहे. अक्कलकुव्याला जाते. तर म्हणे, चालेल, तिकडूनच लागते."

उतरताना त्याला सॅल्यूट केला म्हणे. वसावेला आयुष्यात पहिल्यांदा कोणी सॅल्यूट केला. तो हसत सांगत होता, माझं तोंड बघून थांबला.

२७ फेब्रु.

अक्कलकुवा. हायवेच्या कडेची हॉटेलं एकेक करून. एका ठिकाणच्या बाईने ओळखला. चहा प्यायला, कप स्वतः धुऊन ठेवला. तिथून अंकलेश्वरकडे जाणारे ट्रक निघतात. त्यातल्या एकात चढला असं ती म्हणते, बाहेरचा माणूस म्हणतो नाही, पायीच गेला. दोघांचं तिथेच जुंपलं. मी बाकावर बसून राहिलो.

गुजरात पोलिसांना कळवलं. फोटो पाठवला.

१ मार्च, रवि.

थॉमसचा आपणहून फोन. चौकशी करून झाली, तरी ठेवेना. मग म्हणाला, एक बात पूछूँ? आपने वो माँ वाली बात क्यों बोली, इकतालीस दिन?

मी म्हटलं, कारण तो आला एक्केचाळीस दिवसांनी.

म्हणाला, "सिग्नल आया था साब. कैप्टन ने खुद बुलाके बताया. जहाज़ मुड़ नहीं सकता था. वो नीचे गया, अपना वॉच, ड्यूटी, पूरा किया. दसवें दिन मैंने उसका सर मुंडाया, पीछे के डेक पे. मेरे ही उस्तरे से. कुक ने चावल दिया, गोला बनाके समुंदर में छोड़ा. मैं बोला, मैं तो क्रिश्चन हूँ, चलेगा? वो बोला, आज तू ही मेरा भाई है, चलेगा."

एक्केचाळीस वजा दहा. एकतीस दिवस. एकतीस दिवसांत केस बोटाच्या अर्ध्या पेराएवढे येतात. नेव्ही कटिंगच तेवढी असते. मी दारात उभा राहून त्याच्या डोक्याकडे बघितलं होतं आणि आत निघून गेलो होतो. विचारलं नव्हतं. त्याने सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही.

मला गाडी मिळाली. सीओने खांद्यावर हात ठेवला, ड्रायव्हरने वाटेत पराठा खाऊ घातला. फौजेत माणूस रडायला घरी जाऊ शकतो, एवढीच माझी कर्तबगारी. त्याच्या जोरावर मी इतकी वर्षं श्रावणबाळ होऊन मिरवलो.

आज जेवलो नाही. सुमननेही आग्रह केला नाही.

३ मार्च

होळी. गेलो नाही.

११ मार्च, बुध.

साहेबराव रोज सकाळी येतात. यादी आता चौथ्या वहीत. मी म्हटलं, पुरे करा, तुमचा पाना हरवलेला नाही. चुकलंच. ते कपबशी ठेवून एवढंच म्हणाले, "बापू, मन्हा बी मोठा भाऊच व्हता तो. माले बाकी कोन शे आठे?" त्यांच्या दोन्ही मुली परदेशात, बायको गेली. नाना आल्यापासून आमच्याकडे दिवसातून दोनदा चहाला यायचे, हे माझ्या लक्षातही नव्हतं.

माफी मागितली. आजकाल जमायला लागलंय. उशिरा.

पुतण्या आला होता. दोन दिवस राहिला. माझ्यावर ओरडेल वाटलं. ओरडला नाही, "काका, तुम्हाला काय माहीत," म्हणाला. ते जास्त लागलं.

२३ मार्च, सोम.

तीस दिवस. आमच्यात तीस दिवस गैरहजर राहिला की कोर्ट बसतं आणि जवान भगोडा, पळपुटा ठरतो. नावापुढे लाल शाई, घरी पोलीस. मी स्वतः दोघांचे असे कागद नेऊन दिलेत, काही वाटलं नव्हतं. साहेबराव म्हणतात, त्यांच्यातही तसंच, फक्त कागद जास्त.

थॉमसला विचारलं, तुमच्यात काय म्हणतात? म्हणाला, लिबर्टीवरून वेळेत आला नाही तर म्हणायचं 'एड्रिफ्ट'. वाहवत गेलेला. फार दिवस झाले तर तुमच्यासारखंच. पण पहिल्या दिवशी गेटवर तेवढंच लिहितात. आलाच तर शिक्षा, पण आधी विचारतात, कुठे होतास, जेवलास का.

कोणाच्याही कोर्टात भगोडा नाना नाही, मी आहे. लिहून ठेवतो. कुणी वाचलं तर वाचलं.

२६ मार्च, गुरु.

दुपारी अडीचला फोन. भरुचच्या पुढच्या कुठल्या तरी ठाण्यातून. खाडीकाठचं गाव. नाव दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा लिहून घेतलं. पोलीस गुजरातीत बोलला, घाईत होता. "एक भाई मळ्या छे. तमारा फोटा साथे मेळ खाय छे. आवी जाव."

मी "हो" म्हटलं. "येतो" म्हटलं. ठेवला.

सुमन दारात. "जित्ता शेतस ना?"

मी सांगितलं, मळ्या छे म्हणाला.

"म्हंजे?"

गुजराती आपल्याला परकी नाही, लग्नकार्याला जाऊन येऊन निम्मी येते. मळ्या म्हणजे मिळाले. माणूस मिळाला तरी मळ्या. काठाला काही मिळालं तरी मळ्या. मान देऊन बोलला, 'भाई' म्हणाला, पण ते तर दोन्हीकडे म्हणतात.

साहेबराव आले. यादीत शेवटची ओळ लिहायला पेन काढलं आणि म्हणाले, "परत लावी ले ना फोन. पुसी ले. दोन मिनिटनं काम शे." नंबर समोर आहे. त्यांनी लावायला घेतला, मी हात धरला. उद्या दुपारपर्यंत तरी दोन्ही अर्थ राहू देत म्हटलं. ते बसून राहिले.

सुमनने पिशवी भरली. एक धुतलेला पांढरा जोड, तेलाची बाटली, आणि वरून एक कोरं धोतर. धोतर कशाला ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

सकाळी सहाला साहेबरावांची गाडी. नानाला काय म्हणून घरी बोलवायचं तेवढं घोकतोय. हुकूम माझा त्याला कळत नाही. विनंती मी त्याला आजवर केलेली नाही.